मागची बाजू कोरी

अन्याय झाला तो गफारचाचांवर. गुढीपाडव्यानंतरच्या तिसऱ्या दिवशी, दुपारी साडेबाराला, हिमायतनगरच्या बसस्थानकासमोर, भर उन्हात. करणारी मी. माझ्या पिशवीत दोनशे पत्रकं होती आणि प्रत्येकावर त्यांच्या दुकानाचं नाव जाड अक्षरात छापलेलं होतं, खाली त्याहून जाड अक्षरात ‘चोर’.

सुरुवातीलाच असं सांगून मोकळं व्हायची खोड मला विद्यार्थी संघटनेनं लावली. कॉलेजात आमच्या ताई पत्रक लिहायला शिकवायच्या. पहिल्या ओळीत कुणावर अन्याय झाला आणि नेमका कधी; शेवटच्या ओळीत वाचणाऱ्यानं काय करायचं; मधली जागा तुमच्या रागाची. मला ती मधली जागा कधी पुरली नाही. एसटीचे पास उशिरा मिळाले, मी पत्रक काढलं. मुलींच्या संडासाला कडी नव्हती, मी पत्रक काढलं. कडी दोन दिवसांत बसली, आणि तेव्हापासून माझा पक्का समज झाला की जगातली कुठलीही गोष्ट पत्रकानं दुरुस्त होते. तेव्हा मी बावीस वर्षांची होते. आता केसांत काळं शोधावं लागतं, तरी तो समज पुरता गेलाय असं म्हणवत नाही. गेला असता तर हे लिहायला बसले नसते.

आम्ही लातूरला राहायचो ते मायच्या खानावळीमागच्या खोलीत. पुढं दोन लांब सतरंज्या, मध्ये चूल आणि पाट्या-परातींची भिंत, मागं आम्ही दोघी. मला पहाटे जाग यायची ती भाकरी थापण्याच्या आवाजानं. तो आवाज सुरू झाला की पाठोपाठ गल्लीत सायकलींच्या घंटा, मग चपलांचा खच, मग पोरांची पुटपुट. क्लासची पोरं यायची ती दप्तर पोटाशी धरून आणि ओठांत सूत्रं घोळवत, जणू ताटावर बसल्याबसल्या परीक्षा होती. कुणी उदगीरचं, कुणी अहमदपूरचं, कुणी थेट किनवटच्या रानातलं. माय त्यांना ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, शेंगदाण्याची चटणी वाढायची आणि रविवारी सकाळच्या न्याहारीला सुशीला. चुरमुऱ्यांचा तो ओलसर, लिंबू पिळलेला वास आजही कुठं आला की मला सोमवारची धास्ती वाटते. का ते पुढं येईल. मायचा एकच नियम होता. ताटाला पुस्तक टेकवायचं नाही. ‘अन्नाला वाचता येत न्हाई रे बाबा,’ ती म्हणायची, ‘तू त्याच्याकडं बघ, ते तुझ्याकडं बघंल.’

त्या चुलीवरचा तवा भूकंपातला. आमचं गाव औशाच्या पलीकडं होतं. त्या पहाटे वडील गेले, घर गेलं; त्याबद्दल इथं लिहीत नाही. नंतरचे महिने पत्र्याच्या शेडमध्ये गेले, आणि मला आठवतात ते शेडपुढं थांबणारे मदतीचे ट्रक. लांबलांबच्या शहरांतून लोकांनी जीव ओतून पाठवलेलं सामान. लोकरीचे कोट, टाय, उंच टाचांच्या चपला; एका गाठोड्यात तर पोहताना घालतात ती रबरी टोपी निघाली, आणि ती काय आहे यावर अख्ख्या रांगेत दिवसभर चर्चा चालली. शेवटी ती एका म्हातारबाच्या डोक्यावर बसली आणि पावसाळाभर उतरली नाही. माय कुणाला नावं ठेवायची नाही. म्हणायची, ‘देणाऱ्याचं मन मोठं हुतं. फकस्त त्यांनी इचारलं न्हाई.’ मग एक दिवस एक बाई आली. ट्रक नाही, फलक नाही. मायच्या शेजारी मातीत फतकल मारून बसली आणि म्हणाली, ‘बाई, सकाळी उठल्यावर तुम्हाला पहिलं काय लागतं?’ माय म्हणाली, ‘तवा.’ आठ दिवसांनी बाई तवा घेऊन परत आली. कुठली होती, नाव काय, मायनं विचारलं नाही, आणि याची चुटपुट तिला जन्मभर राहिली. त्या तव्यावर शेडमधल्या चार घरांच्या भाकरी झाल्या, मग लातुरात बांधकामावरच्या माणसांच्या, मग क्लासच्या पोरांच्या. एक लोकरीचा कोटही आमच्याकडं उरला होता. तो भाकऱ्यांच्या टोपलीवर टाकायचा. भाकरी गरम राहायची.

मीरा त्या खानावळीतली. हिमायतनगरची, वडील पोस्टात कारकून. पहिल्या दिवशी आली तेव्हा हातात धपाट्यांचं फडकं होतं आणि खाली मान घालून मायला म्हणाली, ‘काकू, हे संपेस्तोवर मला भाकरी नका वाढू, वाया जाईल.’ माय तिच्या प्रेमातच पडली. मीराला डॉक्टर व्हायचं होतं. तिच्याकडं बायांना तपासायला बाई नाही, म्हणून आजार अंगावर काढतात, हे ती इतकं साधं सांगायची की मला त्याच्यावर पत्रक काढायचंही सुचलं नाही. मी तेव्हा बी.एस्सी. होऊन एका मोठ्या क्लासात पेपर तपासायचं काम करत होते. तिथं दर रविवारी परीक्षा आणि दर सोमवारी सकाळी सव्वासातला फाटकावर याद्या. पहिल्या यादीतल्या पोरांना नामवंत सर, पंखे, थंड पाणी. शेवटच्या यादीला मागचा पत्र्याचा हॉल आणि दर महिन्याला बदलणारे कुणीतरी सर. फी एकच. मीरा पहिल्या यादीत असायची. एका रविवारी ती तापानं फणफणली, परीक्षेला जाऊ शकली नाही. सोमवारी तिचं नाव शेवटच्या यादीत होतं. मी ऑफिसात जाऊन भांडले. आतले गृहस्थ म्हणाले, ‘मॅडम, ताप आम्ही दिला का?’ दुसऱ्या दिवशी माझं पत्रक निघालं, ‘पत्र्याखालचे विद्यार्थी’. तिसऱ्या दिवशी माझी नोकरी गेली. याद्या होत्या तशाच राहिल्या.

त्या वर्षी मीराचे गुण थोडक्यात कमी पडले. वडील न्यायला आले. सज्जन माणूस, मायच्या ओसरीवर टोपी हातात धरून बसला. म्हणाला, ‘एक वर्ष घरी बसून कर म्हणलं. लागला नंबर तर लागला. न्हाई लागला तर डी.एड.चा फॉर्म भर, मास्तरीण हो. आणखी माझ्याच्यानं होत न्हाई.’ डी.एड.मध्ये वाईट काही नाही, माझ्या अर्ध्या मैत्रिणी त्यात गेल्या. पण मीरा तेव्हा चुलीपाशी उभी राहून तो तवा विनाकारण घासत होती, आणि तिची पाठ मला दिसत होती. मी स्थानकावर सोडायला गेले आणि गाडी हलता हलता ओरडले, ‘मी पेपर पाठवीन तुला. दर आठवड्याला.’ ती खिडकीतून म्हणाली, ‘खरंच पाठव हां ताई.’ माझ्या धंद्याचा पाया एवढाच. भांडवल म्हणाल तर एक वही. पेपर तपासताना पोरं कुठं चुकतात ते मी लिहून ठेवायचे: वजाचं चिन्ह कुठल्या पायरीवर हरवतं, कुठल्या शब्दाला सगळेच फसतात. अशा चुकांची जाड वही झाली होती. त्या चुका समोर ठेवून पेपर काढला तर तो मोठमोठ्या सरांच्या पेपराहून कामाचा होतो, हे मला कळलं होतं.

इंटरनेटवर टाकायची कल्पना माझ्या मामेभावाची, प्रशांतदादाची. तो पुण्यात संगणकाच्या कंपनीत होता. ‘एकट्या मीराला कशाला, संकेतस्थळ काढू, वर्गणी ठेवू,’ तो म्हणाला आणि लगेच दुसरा प्रश्न केला, ‘पण कल्पे, आपलं गिऱ्हाईक कोण?’ दिवाळीला तो आमच्याकडं आला तेव्हा दोन दिवस आमचा यावरच वाद. त्याचं म्हणणं, पुण्या-मुंबईत घरोघर संगणक आलेत, आईबाप जादा पेपरांसाठी हपापलेत, त्यांच्यासाठी काढ. मी उसळले. ‘ज्यांना सगळं मिळतंय त्यांनाच आणखी वाढायचं? मग त्या क्लासात आणि आपल्यात फरक काय? मी काढणार ते पत्र्याखालच्यांसाठी. घरी बसवलेल्या पोरींसाठी.’

‘अगं, पण त्यांच्याकडं इंटरनेट आहे का?’

‘तालुक्या-तालुक्याला सायबर कॅफे आहे. कुठल्या जगात राहतोस तू?’

चुलीपुढून मायचा आवाज आला, ‘त्या पोरीला इचारलंस का गं, तिला कसं पाह्यजे ते?’

‘माय, मला माहीत आहे तिला काय पाहिजे.’

‘बरं,’ माय म्हणाली आणि भाकरी उलटली. ‘शिवा मग लोकरीचा कोट.’

मी त्या वेळी हसले. खरं सांगायचं तर मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला इंटरनेटमधलं काय कळतंय. आज हे लिहिताना लाज वाटते, आणि लाजेपेक्षाही मायचा आवाज जसाच्या तसा ऐकू येतो, याचं बरं वाटतं.

संकेतस्थळ निघालं. देखणं होतं. प्रत्येक पानाच्या डोक्यावर निळी पट्टी, त्यात आमचं चिन्ह, पानामागं फिकट निळी नक्षी. पेपर रविवारी सकाळी अकराला उघडायचा, उत्तरं सोमवारी सातला. हे वेळापत्रक मी कुठून उचललं होतं, ते तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही. ज्या क्लासाविरुद्ध पत्रक काढलं त्याचंच घड्याळ मी आणून भिंतीला लावलं होतं. मीराला मी पहिला परवलीचा शब्द दिला, फुकट. बाकी सभासद मोजकेच, आणि त्यांतले बरेच पुण्याचे; प्रशांतदादा ते बोलायचा नाही, हे त्याचे उपकार. हिमायतनगरात मात्र दर रविवारी संध्याकाळी एकदा पेपर उघडला जायचा. एवढ्यावर मी खूश होते. मीरा सोडवतेय.

उन्हाळा लागला. प्रवेशपरीक्षा महिना-दीड महिन्यावर आली. एक दिवस खानावळीत अहमदपूरचा एक पोरगा जेवून उठला आणि त्याच्या वहीतून एक कागद सतरंजीवर पडला. उचलून दिला तर माझाच पेपर. झेरॉक्सची झेरॉक्स, डोक्यावरची निळी पट्टी कोळशासारखी काळी, त्यात दुसऱ्या प्रश्नाची आकृती बुडालेली. आणि कोपऱ्यात जांभळा शिक्का: गफार झेरॉक्स, बसस्थानकासमोर, हिमायतनगर. ‘कुठून आणलास?’ मी विचारलं. ‘मावसबहीण हाय तिकडं, तिनं धाडला,’ तो म्हणाला. ‘लई भारी पेपर असतेत, मॅडम. तुम्हाला पाह्यजेत का?’

माझं डोकं सटकलं. महिनोन्महिने रात्रंदिवस मान मोडून काढलेले पेपर, आणि हा कोण गफार शिक्का मारून विकतोय! त्यानं मीराचा परवलीचा शब्द हडपलाय, यात मला शंकाच नव्हती. मी प्रशांतदादाला फोन केला, ‘सगळ्यांचे परवलीचे शब्द बदल. आत्ताच्या आत्ता.’ तो म्हणाला, ‘मीराचाही?’ मी म्हणाले, ‘सगळ्यांचे. तिला मी कळवते.’ आणि कळवलं नाही. मीराच्या घरी फोन नव्हता, शेजारी करावा लागायचा. आणि मी पत्रक लिहिण्यात दंग होते. एक रविवार गेला, दुसरा गेला. ज्या पोरीसाठी धंदा काढला तिच्याच दाराला परीक्षेच्या तोंडावर कुलूप घालून मी शीर्षक जाड ठेवू की आणखी जाड, याचा विचार करत होते.

निघताना मायनं धपाटे बांधून दिले. पत्रक तिनं हातात धरलं, तिला अक्षरओळख होती. ‘हा कोण? बघितलास का याला?’

‘चोराला काय बघायचं?’

धपाट्यांच्या फडक्यात मायनं चटणीची आणखी एक पुडी घातली.

लातूर ते नांदेड, नांदेडला गाडी बदलून भोकरवरून हिमायतनगर. तेव्हाच्या त्या गाड्यांच्या खिडक्या एकदा उघडल्या की बंद व्हायच्या नाहीत आणि बंद असल्या की उघडायच्या नाहीत. माझ्या वाट्याला बंद आली. उतरले तेव्हा ऊन डोक्यावर होतं आणि मी घामानं आणि संतापानं भिजलेली. स्थानकाच्या फाटकात उभी राहिले आणि दिसेल त्याच्या हातात पत्रक कोंबू लागले. रसवंतीवाला, कंडक्टर, बाजाराला आलेल्या बाया, टमटमची वाट बघणारे म्हातारे. ‘वाचा! तुमच्या गावातला चोर ओळखा!’ लोक घेत होते, घडी घालून वारा घेत होते. एकानं माझ्यादेखत त्यावर पेरूच्या फोडी ठेवल्या. मग एक माणूस पत्रक घेऊन रस्त्यापलीकडच्या दुकानात शिरला. बोळकांडीएवढं दुकान, पुढं काच, आत मशीन आणि कोपऱ्यात एक कॉम्प्युटर. वरची पाटी मी तेव्हा वाचली. इतका वेळ मी त्याच दुकानाकडं पाठ करून ओरडत होते.

आतून हाक आली, ‘बेटी, ए बेटी! इकडं सावलीत ये.’

साठीचा माणूस. डोक्यावर जाळीची टोपी, चष्म्याला दोरा, सदऱ्याचा खिसा शाईच्या भुकटीनं काळा. हातात माझं पत्रक, नाकाजवळ धरलेलं.

‘हे तू लिव्हलं का?’

‘हो. मीच.’

‘अक्षर बारीक झालं गं. माझ्यासारख्याला दिसत न्हाई. मोठं करून देऊ का? पर लाईट चारला येती, तवर बसावं लागंल.’

मला वाटलं, थट्टा करतोय. ‘गफार कोण?’ मी कमरेवर हात ठेवून विचारलं.

‘मीच तो चोर,’ ते म्हणाले आणि माठातून पाण्याचा तांब्या भरून पुढं केला. ‘आधी पाणी पी. घसा बसला तुझा. मग बोल काय बोलायचं ते.’

मी पाणी प्याले. राग आला असतानाही तहान लागते, हे फार अपमानास्पद असतं. ‘तुम्ही माझे पेपर छापता की नाही?’

‘छापतो की. दर रविवारी.’ एकदम त्यांचे डोळे मोठे झाले. ‘म्हणजे तू ती लातूरची कल्पनाताई? अरे खुदा! मग दोन रविवार झाले, ते पेपर उघडून का न्हाई राहिले गं? मी म्हणलं कॉम्प्युटर बिघडला. भोकरवरून मेकॅनिक आणला. तो खोलून बसला, म्हणला काहीच झालं न्हाई. मी त्यालाच शिव्या दिल्या.’

त्यांनी मागचा पडदा बाजूला केला. दुकानामागं एक खोली होती, मागच्या दारातून उजेड येत होता आणि चटईवर पाच-सहा पोरी बसल्या होत्या. एका हातात पेन, दुसऱ्या हातात पुठ्ठ्याचा पंखा. जुनाच, तीन आठवड्यांपूर्वीचा पेपर पुन्हा सोडवत होत्या. त्यांतली एक उठली. मीरा. वाळली होती, पण तोंडभर हसली. ‘ताई! नवा पेपर आणलास?’

पिशवीत पत्रकं होती.

‘मीरे,’ मी कसंबसं म्हणाले, ‘तू सायबर कॅफेत का नाही गेलीस?’

पोरी एकमेकींकडं बघून खुदकन हसल्या. मीरा म्हणाली, ‘कॅफेत? ताई, तिथं एकेका खुर्चीला पडदे लावले हायेत. पोरं बसून राहतात दिवसभर. घरी अण्णांना कळलं तर पाय मोडतील. मी चाचाला चिठ्ठीवर परवलीचा शब्द, सगळं लिहून दिलं, चाचा काढून देतात. मग ह्या पण येऊ लागल्या. ही पळसपूरची, ह्या दोघी शिरडच्या वाटेवरच्या.’

‘मग मला कळवलं का नाहीस?’

ती गोंधळली. ‘मला वाटलं तुला माहीतच असंल. तूच म्हणलीस न, आमच्यासाठी काढलं म्हणून?’

त्या एका वाक्यापुढं माझी आजवरची सगळी पत्रकं फिकी पडली. मी खाली चटईवर बसले आणि जे केलं ते सांगून टाकलं. कुलूप मी घातलं. मेकॅनिकला शिव्या माझ्यामुळं बसल्या. आणि बाहेर निम्मं स्थानक तुमच्या नावाचं पत्रक वाचतंय. मीराचा चेहरा उतरला, तो माझ्यासाठी नव्हे, चाचांसाठी. गफारचाचांनी हातातलं पत्रक उलटं केलं. ‘मागची बाजू कोरी हाय,’ ते म्हणाले. ‘उरलेले किती हायेत? दे इकडं. पोरींना कच्च्या कामाला कागद पुरून न्हाई राहिला.’

मी गठ्ठा दिला. पोरींनी तो वाटून घेतला. मग चाचांनी माझे जुने पेपर काढले, ओळीनं मांडले आणि माझी शाळा घेतली. ‘ही निळी पट्टी कशाला? मशीनवर काळी होती, चित्र बुडतं, भुकटी खाती. काढून टाक. ही नक्षीपण. चार पानांचं दोन पानांत बसतं, कागदाचे पैसे पोरींना पडतात, मला न्हाई. अन् रविवारी अकराला टाकती तू, इथं अकराला लाईट कुठं हाय? चारनंतर टाक. उत्तरं सोमवारी सकाळी कुणाला पाह्यजेत? आठवडी बाजाराच्या दिवशी दे. खेड्यातल्या पोरी बापासंग बाजाराला येतात, तेव्हा घेऊन जातात.’ मी लिहून घेत होते. माझ्याच पत्रकाच्या मागच्या बाजूला.

कोपऱ्यावरच्या नाणं टाकायच्या फोनवरून मी प्रशांतदादाला गाठलं. ‘कुलूप काढ. सगळं. मीराचं पहिलं.’

‘चोर सापडला?’

‘गिऱ्हाईक सापडलं,’ मी म्हणाले. ‘दादा, आपलं गिऱ्हाईक पोरं नाहीत. पोरी तर नाहीतच, त्या कॉम्प्युटरच्या पडद्यापर्यंत पोचतच नाहीत. आपलं गिऱ्हाईक झेरॉक्सवाला. एकेका तालुक्याला एक. वर्गणी त्याची. त्यानं कितीही छापावं, कुणालाही द्यावं, शिक्का त्याचा मारावा.’

नाणं संपत आलं होतं. ‘हे शेतातल्या विहिरीसारखं झालं,’ तो म्हणाला, ‘एकाची विहीर, पाणी वाडीला. चालेल. पण कल्पे, हे दिवाळीत का नाही सुचलं?’

‘कारण दिवाळीत मी इथं आले नव्हते.’

चारला लाईट आली. खोलीतला पंखा कण्हला, मशीननं घसा खाकरल्यासारखा आवाज केला, काचेखालून हिरवा उजेड सरकला. दोन आठवड्यांचे राहिलेले पेपर एकामागून एक बाहेर पडू लागले. गरम कागदाला एक वास असतो, भाजक्या धान्यासारखा. मीरानं पहिला कागद घेतला, तो दोन्ही हातांत धरून ती क्षणभर तशीच उभी राहिली, आणि मग भिंतीला टेकून सोडवायला बसली. माझ्याशी एक शब्द बोलली नाही. इतका मोठा मान मला पुढं कुठल्या व्यासपीठावर मिळाला नाही. मायचे धपाटे आम्ही सगळ्यांनी त्या चटईवर खाल्ले. चाचांना चटणी फार आवडली, उरलेली पुडी त्यांनी खिशात टाकली, त्या काळ्या खिशात.

परतल्यावर मायनं एवढंच विचारलं, ‘धपाटे त्याला दिलेस का?’ दिले म्हटल्यावर तिचं समाधान झालं.

मीराला एम.बी.बी.एस. मिळालं नाही, हे सांगायला हवं; पत्रकात मी ते लपवलं असतं. तिला नांदेडला आयुर्वेदाला जागा मिळाली. तिचे वडील पेढे घेऊन चालत गफारचाचांकडं गेले, मग आम्हाला फोन केला. आज तिचा दवाखाना त्याच रस्त्यावर आहे, आणि बाया सांगतात, डॉक्टरीणबाई तपासताना आधी विचारते आणि मग हात लावते. आमचा धंदा अहमदपूर, औसा, निलंगा, देगलूर करत बस जिथवर जाते तिथवर गेला. प्रत्येक नव्या गावी मी आधी झेरॉक्सच्या दुकानात दिवसभर बसले: लाईट कधी येते, बाजार कधी भरतो, पोरी कुणासोबत येतात. पुढं मोबाइल आले आणि सगळं बदललं, तरी ही बसण्याची रीत मी सोडली नाही. मला अनेकांनी विचारलंय, तुम्ही गिऱ्हाईक कसं निवडलं. मी निवडलं नाही. मी त्याला चोर म्हणाले, आणि त्यानं मला सावलीत बोलावलं.

एक गोष्ट मात्र राहिली. त्या दिवशी निघताना मी म्हणाले होते, ‘चाचा, दुसरं पत्रक काढते. माफीचं. इथंच येऊन वाटते.’ ते म्हणाले, ‘कशाला कागद वाया घालती? ज्यांना मी ठाऊक हाय ते तुझं पत्रक वाचून हसून राहिले. ज्यांना ठाऊक न्हाई, त्यांनी काय समजायचं ते समजू दे.’ मी ऐकलं. त्यांचं ऐकायला नको होतं, हे एवढंच. गेल्या थंडीत ते गेले. मीराचा फोन आला. दुकान आवरताना तिला एक गठ्ठा सापडला होता, तो तिनं मला पाठवला. एका बाजूला ‘चोर’, दुसऱ्या बाजूला सहा पोरींच्या हातची गणितं, खाडाखोड केलेली, पुन्हा केलेली, आणि शेवटी बरोबर आलेली. गठ्ठा माझ्या टेबलावर आहे.

तेव्हा हे माफीचं पत्रक, उशिरा का होईना. तुम्ही वाचलंत, आता करायचं ते असं. ही पानं झेरॉक्स करा. हिमायतनगरला जाणं जमलं तर स्थानकासमोर वाटा, नाही जमलं तर तुमच्या गावच्या स्थानकासमोर. गफारचाचांचं नाव तेवढं मोठ्या अक्षरात येऊ द्या, म्हाताऱ्या माणसांना दिसेल असं. आणि एकाच बाजूला छापा. मागची बाजू कोरी सोडा.